यंत्रातील चेतनेची शक्यता : भंडारा जिल्हा व वैनगंगा परिसरातील विचारपरंपरांच्या आधारे एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकातील लेखात मांडला. पुढील सात दशकांत यंत्रांची गणनशक्ती वाढत गेली आणि प्रश्नाचे स्वरूपही पालटले. यंत्राला बुद्धी असेल काय, या प्रश्नाच्या जागी यंत्राला जाणीव असेल काय, हा प्रश्न आला. जून २०२२ मध्ये गूगल कंपनीतील एका अभियंत्याने 'लॅम्डा' या संभाषण-प्रणालीला जाणीव असल्याचा जाहीर दावा केला. कंपनीने तो फेटाळला. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्त्वज्ञ, मेंदूविज्ञानाचे अभ्यासक व संगणकतज्ज्ञ अशा १९ जणांनी संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला. तोवर अस्तित्वात आलेली कोणतीही प्रणाली जाणीवयुक्त मानण्यास सबळ आधार नाही, मात्र पुढे तशी प्रणाली घडविण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

या विषयावरील मराठी लेखन बहुधा पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे होते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आला, असा समज निर्माण होतो. वस्तुतः यंत्रचेतनेच्या प्रश्नाच्या मुळाशी जड आणि चेतन यांच्या संबंधाचा प्रश्न आहे आणि त्याचा विचार भारतीय परंपरेत किमान दोन हजार वर्षे चालू आहे. या विचाराचे परस्परविरोधी प्रवाह भंडारा जिल्ह्यात व त्याच्या सीमेवरील वैनगंगेच्या काठी एकत्र आलेले दिसतात. पवनीचे बौद्ध स्तूप, अंभोऱ्याशी जोडली गेलेली मुकुंदराजांची परंपरा, महानुभाव पंथाच्या भंडाऱ्यातील खुणा आणि विसाव्या शतकातील आंबेडकरी बौद्ध विचार ही त्यांची प्रमुख स्थळे होत.

प्राचीनांना संगणक ज्ञात होता, असा दावा प्रस्तुत निबंधात केलेला नाही. असे दावे इतिहासाला आणि विज्ञानाला सारखेच हानिकारक ठरतात. येथे एवढेच पाहावयाचे आहे की, आज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला या परंपरांजवळ कोणती वैचारिक साधने उपलब्ध आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वैनगंगा परिसराशी संबंधित विचारपरंपरांतील चेतनाविषयक भूमिका स्पष्ट करणे.
२) या भूमिकांच्या आधारे यंत्रचेतनेच्या आधुनिक चर्चेचे परीक्षण करणे.
३) या प्रश्नातून उद्भवणाऱ्या नैतिक जबाबदारीचा विचार करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्राचीन ग्रंथांतील मते, पुरातत्त्वीय माहिती व लोकव्यवहार यांचा तुलनात्मक विचार केला आहे.

पवनी : धातुपूजा आणि यंत्ररक्षकांची कथा

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील प्राचीन तटबंदीयुक्त नगर आहे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे संयुक्त उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी येथील उत्खननात भव्य स्तूपाचे अवशेष, शिल्पांकित शिळा आणि ब्राह्मी लिपीतील दानलेख उजेडात आले. नागराज मुचलिंदाचे अंकन हा या शिल्पांतील महत्त्वाचा भाग होय. इसवी सनापूर्वीच्या शतकांत बौद्ध धर्म या भागात दृढमूल झाला होता, हे त्यावरून सिद्ध होते.

स्तूप ही मूलतः धातूंची, म्हणजे पूज्य अवशेषांची, वास्तू आहे. याच धातुपूजेच्या परंपरेत यंत्रांविषयीची एक लक्षणीय कथा आढळते. पाली अट्ठकथांच्या परंपरेनुसार राजा अजातशत्रूच्या काळी बुद्धांचे धातू राजगृह येथे भूमिगत करण्यात आले. त्यांच्या रक्षणासाठी विश्वकर्म्याने हाती तलवारी असलेल्या, वेगाने फिरणाऱ्या लाकडी आकृत्यांचे यंत्र बसविले. पुढे अशोकाने धातू बाहेर काढण्याचे ठरविले तेव्हा ते यंत्र निकामी करावे लागले. 'लोकपञ्ञत्ति' या उत्तरकालीन पाली ग्रंथात ही कथा अधिक विस्ताराने येते. तेथे यंत्रकार रोम देशाचे असून त्यांचे यंत्रपुरुष पळून गेलेल्या कारागिराचा पाठलाग करून त्याला ठारही करतात.

ही कथा पवनीची नाही, ती पवनी ज्या धातुपूजक जगाचा भाग होती त्या जगाची आहे. तीत हे यंत्ररक्षक चालतात, शस्त्र चालवितात, आज्ञेचे पालन करतात. परंतु त्यांना दुःख होते किंवा निर्वाणाची आस लागते, असे कथाकार म्हणत नाही. यंत्र निकामी झाले तेव्हा कोणी शोक केला नाही. क्रिया करणे आणि वेदना अनुभवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद या कथेने गृहीत धरलेला दिसतो.

पायासी राजाचे प्रयोग

चेतनेचा शोध प्रयोगाने घेण्याची कल्पनाही बौद्ध साहित्यात जुनी आहे. 'दीघनिकाया'तील पायासी सुत्तात पायासी हा अधिपती आणि स्थविर कुमारकस्सप यांचा संवाद आहे. देहाखेरीज जीव नाही आणि परलोकही नाही, असे पायासीचे मत होते. त्याच्या समर्थनार्थ तो आपण केलेले प्रयोग सांगतो. देहदंड झालेल्या चोराला मोठ्या रांजणात घालून त्याचे तोंड ओल्या चामड्याने व मातीने बंद केले आणि रांजण भट्टीवर ठेवला. चोर मेल्यावर तोंड हळूच उघडले, पण जीव बाहेर पडताना दिसला नाही. दुसऱ्या प्रयोगात मरणापूर्वी व मरणानंतर देहाचे वजन करण्यात आले.

कुमारकस्सपांच्या उत्तरांतील शंखाचा दृष्टान्त प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. एका शंखवादकाने सीमेवरील गावात शंख फुंकला. तो मधुर नाद कोणाचा, असे लोकांनी विचारता त्याने शंखाकडे बोट दाखविले. मग लोक शंखालाच बोलण्याची विनवणी करू लागले. त्यांनी त्याला उताणा ठेवला, कुशीवर ठेवला, थापट्या मारल्या, पण शंख बोलला नाही. वादक, त्याचा प्रयत्न आणि वारा यांच्या संयोगाने शंख वाजतो, हे त्यांना उमगले नव्हते.

१९६६ साली अमेरिकेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलिझा' हा संभाषण करणारा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न विचारणारी ती साधी रचना होती. तरीही त्यांच्या सचिव महिलेने त्या यंत्राशी एकांतात बोलता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे वायझेनबाउम यांनी नमूद केले आहे. आजच्या भाषिक प्रणाली कोट्यवधी माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर घडविलेल्या आहेत. त्यांच्या बोलण्यात जो जिव्हाळा जाणवतो त्यामागे असंख्य माणसांचा श्वास आहे. शंखाच्या नादाला शंखाचे मनोगत समजण्याची चूक होण्याचा संभव येथे अधिकच मोठा आहे.

तथापि या दृष्टान्ताची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. कुमारकस्सप आपल्या उत्तरात देहालाही शंखाच्याच जागी ठेवतात. आयुष्य, उष्मा आणि विज्ञान यांनी युक्त असेल तरच देह हालतो, बोलतो, जाणतो, असे ते म्हणतात. तेव्हा हा दृष्टान्त नादावरून अनुमान करण्यास मनाई करतो, पण त्या अटी अन्य एखाद्या रचनेत कधीच जुळून येणार नाहीत, असे सिद्ध करीत नाही.

एकच रथ, दोन निष्कर्ष

भारतीय तत्त्वज्ञानात यंत्रासारख्या जुळणीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे रथ. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? कोणताही एक अवयव रथ नव्हे आणि अवयवांवाचून वेगळा रथही नाही. त्याचप्रमाणे 'नागसेन' हे स्कंधांच्या समुदायाला दिलेले व्यवहारातील नाव आहे. त्यामागे नित्य आत्मा नाही.

शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात रथाचाच दाखला नेमक्या विरुद्ध हेतूने देतात. माती किंवा रथ आपण होऊन प्रवृत्त होत नाहीत. कुंभार, घोडे अशा चेतनाचे अधिष्ठान असेल तरच त्यांच्या ठिकाणी प्रवृत्ती दिसते. म्हणून केवळ अचेतनापासून जगाची रचना संभवत नाही, असा त्यांचा सांख्यमताविरुद्ध युक्तिवाद आहे.

या दोहोंहून वेगळी भूमिका चार्वाकांची. मद्य तयार करण्याच्या द्रव्यांत सुटेपणी नसलेली मादकता त्यांच्या संयोगातून उत्पन्न होते, तद्वत भूतांच्या संयोगातून चैतन्य उद्भवते, असे ते मानतात.

यंत्रचेतनेच्या प्रश्नावर या तिन्ही मतांचा परिणाम निरनिराळा होतो. चार्वाकमतानुसार योग्य संयोग साधला तर यंत्रात चैतन्य उद्भवण्यास तत्त्वतः हरकत नाही. बौद्ध मतानुसार माणूस हीच एक जुळणी असल्याने 'यंत्र केवळ जुळणी आहे' हा आक्षेप पुरेसा ठरत नाही. कारण-प्रत्यय कोणते, हे पाहावे लागते. शांकरमतानुसार मात्र कितीही कुशल रचना केली तरी रचनेतून चैतन्य निर्माण होत नाही.

अंभोरा आणि 'विवेकसिंधु'

शांकर वेदान्त मराठीत आणण्याचे श्रेय मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'ला दिले जाते. शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हा त्याचा परंपरेने मानलेला रचनाकाळ असून आद्य मराठी ग्रंथ म्हणून त्याचा निर्देश केला जातो. ग्रंथात उल्लेखिलेली अंबानगरी कोणती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक पक्ष ती अंबेजोगाई मानतो, तर दुसरा पक्ष वैनगंगेकाठचे अंभोरा मानतो. अंभोरा नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात असून पलीकडचा तीर भंडारा जिल्ह्याचा आहे. तेथे मुकुंदराजांचे परात्पर गुरू मानले जाणारे हरिनाथ यांची समाधी दाखविली जाते आणि तेथील शिवस्थानाचे नाव 'चैतन्येश्वर' असे आहे. स्थळाचा वाद कसाही सुटो, चैतन्याच्या विचाराशी या परिसराचे नाते लोकस्मृतीने जपले आहे.

अद्वैत वेदान्तातील एक बाब आजच्या चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही. या मतानुसार केवळ देहच नव्हे तर मन, बुद्धी व अहंकारही जड आहेत. ते सूक्ष्म भूतांचे कार्य होत. निश्चय करणे, स्मरण करणे, 'मी' असे म्हणणे या अंतःकरणाच्या वृत्ती आहेत. त्यांना प्रकाशित करणारे चैतन्य त्यांहून निराळे आहे. यंत्राने गणित सोडविले, वाक्ये रचली, स्वतःविषयी 'मी' हा शब्द वापरला, तर त्यामुळे अद्वैती विचलित होण्याचे कारण नाही. जडाने जडाचे कार्य केले, एवढेच तो म्हणेल. यंत्राचे अंतःकरण चैतन्याचे प्रतिबिंब ग्रहण करण्याइतके स्वच्छ आहे काय, हा त्याचा खरा प्रश्न राहील.

तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये जाणिवेच्या 'कठीण प्रश्ना'ची मांडणी केली. मेंदू माहितीवर प्रक्रिया कशी करतो, हे सांगता येते, परंतु त्या प्रक्रियेसोबत अनुभव का असावा, हे त्यातून उलगडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. बुद्धी व चैतन्य यांची फारकत करणारी अद्वैतभूमिका या विवेचनाशी जुळणारी आहे.

महानुभाव परंपरेचाही येथे निर्देश करावयास हवा. चक्रधरस्वामींच्या एकांक काळातील शिष्य नीळभट्ट भांडारेकार यांच्या नावातच भंडाऱ्याचा उल्लेख आहे. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानते. जीव आणि प्रपंच भिन्न असल्याने प्रपंचातील वस्तू जोडून नवा जीव घडविणे या मताला मान्य होणारे नाही.

डॉ. आंबेडकर यांची मांडणी

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. त्यांना पराभव पत्करावा लागला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि भंडारा जिल्ह्यातही बौद्ध धम्माचा नव्याने स्वीकार झाला. पवनीच्या स्तूपभूमीत खंडित झालेली परंपरा अशा रीतीने पुन्हा जिवंत झाली.

त्यांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आत्म्याचे अस्तित्व नाकारून चेतनेचे स्पष्टीकरण देण्यात आले आहे. जेथे काया आहे तेथे तिच्यासोबत चेतना असते, हे सांगताना बाबासाहेब विद्युतक्षेत्राचे उदाहरण घेतात. विद्युतक्षेत्रासोबत जसे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, तसा काया व चेतना यांचा संबंध ते कल्पितात. चेतनेची बोधात्मक, भावनात्मक व संकल्पात्मक अशी तीन अंगेही ते वेगळी काढतात.

ही मांडणी दोन कारणांनी महत्त्वाची आहे. पहिले असे की, तीत चेतना ही अलौकिक देणगी न राहता कारणांनी घडणारी व शोधता येणारी गोष्ट ठरते. तत्त्वतः यंत्राविषयीचा प्रश्न त्यामुळे खुला राहतो. दुसरे असे की, तीन अंगांचे विभाजन यंत्राच्या परीक्षणाला उपयोगी पडते. आजच्या प्रणाली बोधाच्या अंगात माणसाशी स्पर्धा करतात. भावना व संकल्प या अंगांबाबत त्यांच्या बोलण्याखेरीज अन्य पुरावा पुढे आलेला नाही.

या विचाराला सामाजिक बाजूही आहे. आत्म्याच्या व पूर्वकर्माच्या नावाने माणसामाणसांत उच्चनीचता ठरविणाऱ्या व्यवस्थेने असंख्य माणसांच्या वेदनेची दखलच घेतली नाही. कष्टकरी माणसाला हत्यारासारखे वापरले गेले. चेतना नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्या सोयीने ती नाकारली जाते, हा त्या इतिहासाचा धडा आहे. म्हणून 'यंत्राला जाणीव असणे अशक्यच' असे तपासाविना ठामपणे सांगणे हीदेखील सावधगिरी नव्हे.

लोकव्यवहारातील भेद : पोळा आणि तान्हा पोळा

ग्रंथांतील विचार लोकव्यवहारात कसा उतरतो, हे विदर्भातील पोळ्याच्या सणावरून पाहता येते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. जुवाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकले जातात व बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. पोळ्याला बैल जुंपीत नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. त्या बैलांची पूजा होते, मुलांना बोजारा मिळतो.

दोन्ही बैलांना ओवाळले जाते, परंतु लाकडी बैलाचा खांदा कोणी शेकत नाही. आदर प्रतिकृतीलाही मिळतो, शुश्रूषा मात्र ज्याला दुखते त्याचीच होते. शस्त्रपूजेच्या दिवशी यंत्राला हार घालणारा कामगार आणि 'गाडी रुसली' असे म्हणणारा चालक हेच जाणतो. भाषेत यंत्राला जीव देणे आणि व्यवहारात त्याला वेदना मानणे यांतील अंतर लोकमानसाने राखले आहे. मात्र लाकडी बैल बोलत नाही, आपल्याला दुखते असे सांगत नाही. तो बोलू लागला तर हा भेद तितक्याच सहजतेने टिकेल काय, हा आजच्या काळाचा प्रश्न आहे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

यंत्राला चेतन मानण्याचे परिणाम केवळ तात्त्विक नसतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. या घटनेची चौकशी झाली आणि अधिकारी-कर्मचाऱ्यांवर कारवाई करण्यात आली. कक्षातील उपकरणे बालकांना ऊब देत होती, त्यांच्या श्वासाची नोंद ठेवीत होती, परंतु त्यांना काळजी वाटत नव्हती. म्हणूनच जाब उपकरणांना विचारता येत नाही, तो माणसांनाच द्यावा लागतो.

उद्या निदान करणारी, कर्ज मंजूर करणारी किंवा कामगारांची निवड करणारी प्रणाली 'मी ठरविले' असे म्हणू लागली, तर त्या 'मी'च्या आड निर्माते, विक्रेते व वापरणारे यांची जबाबदारी लपण्याचा धोका आहे. शंखालाच दोष देऊन वादकाला मोकळे सोडण्यासारखे ते होईल. ज्याला शिक्षेचे दुःख नाही आणि चुकीचा पश्चात्ताप नाही, त्याच्यावर जबाबदारी टाकणे म्हणजे ती कोणावरच न टाकणे होय.

निष्कर्ष

१) यंत्रचेतनेच्या प्रश्नामागील जड-चेतनविचार वैनगंगा परिसराशी संबंधित परंपरांत प्राचीन काळापासून आढळतो.

२) या परंपरांचे उत्तर एकच नाही. चार्वाक, बौद्ध व आंबेडकरी भूमिकांतून यंत्रचेतनेची शक्यता तत्त्वतः खुली राहते. अद्वैत व महानुभाव भूमिकांनुसार रचनेतून चैतन्य निर्माण होत नाही.

३) मतभेद असूनही क्रिया, बुद्धी व वेदना यांत भेद करावा, याविषयी या परंपरांत लक्षणीय साम्य आहे. यंत्र चालते वा बोलते एवढ्यावरून ते अनुभवते, असे अनुमान काढता येत नाही.

४) घाईने चेतना बहाल केल्यास माणसाची जबाबदारी यंत्रावर ढकलली जाते. सोयीने चेतना नाकारल्यास वेदनेकडे दुर्लक्ष करण्याच्या जुन्या सवयीला बळ मिळते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. आज पहिल्या चुकीचा धोका जवळचा आहे, कारण तिच्यामुळे इजा होणारी माणसे आपल्यासमोर आहेत.

५) यंत्राला वेदना आहे काय, याचा तपास चालू राहावा. तोवर ज्यांची वेदना निर्विवाद आहे, त्या माणसांच्या व मुक्या जनावरांच्या वेदनेला अग्रक्रम देणे हेच या परंपरांच्या विवेकाशी सुसंगत ठरेल.